‘हे खरे आहे काय?’ : भाऊ सभागृहात नेमकं काय करतात

अधिवेशन सुरू झालं की आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ पडतो. दीड मिनिटाचा. कुणीतरी लोकप्रतिनिधी उभे, हातात कागद, मागे ढोल-ताशांचा आवाज चिकटवलेला आणि खाली ठळक अक्षरात ‘सभागृहात कडाडले’. त्याखाली अंगठे, हार, वाघांची चित्रं. आमचे आप्पा तो व्हिडिओ दोनदा बघतात. त्यांच्या केळीला थंडीनं चरका दिला होता, विम्याचा हप्ता भरलेला होता आणि खात्यात काही आलं नव्हतं. चष्मा काढून ते मला विचारतात, “बोलना ते खरं, पन मंग पैसा काबर नही उनात?” म्हणजे बोलले ते खरं, पण मग पैसे का नाही आले?

प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. सभागृहात बोलणं ही एकच गोष्ट नाही. तिथं उभं राहून बोलायचे डझनभर प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा कस वेगळा. विधिमंडळाच्या भाषेत त्यांना ‘संसदीय आयुधं’ म्हणतात. शब्द जरा भारदस्त आहे, पण बरोबर आहे. विळ्यानं खोड तोडता येत नाही आणि कुऱ्हाडीनं गवत कापता येत नाही. आमदाराच्या हातात कोणतं हत्यार होतं ते व्हिडिओत दिसतच नाही.

सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे तारांकित प्रश्न. प्रश्नापुढे तारा छापतात म्हणून तारांकित. याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तारा नसेल तर अतारांकित. त्याचं उत्तर लेखी येतं आणि उपप्रश्न नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. कुणाचा प्रश्न यादीत लागणार ते सोडतीनं ठरतं. त्यातही प्रश्नोत्तराचा तास म्हणजे एकच तास, ११ ते १२. त्यामुळे २० तारांकितांपैकी चार-पाचच तोंडी होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी पटलावर ठेवली जातात. म्हणजे प्रश्न चांगला काढला, सोडतीत लागला, पण अकरावा आला, तर आपला माणूस नुसता बसून राहतो. गोंधळात तास बुडाला तर तेवढंही नाही.

आता आपल्या विधानसभेतला तारांकित प्रश्न जवळून बघू. त्याचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे. पुढचा मजकूर मी उदाहरण म्हणून रचलाय, पण साचा खरा आहे:

“(१) चोपडा, यावल व रावेर तालुक्यांत थंडीमुळे केळी पिकाचे नुकसान होऊनही विमाधारक शेतकऱ्यांना भरपाई मिळाली नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले, (४) तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

आणि उत्तर: “(१) हे खरे नाही. (२) ते (५) प्रश्न उद्भवत नाही.”

संपलं. दोन ओळींत पाच प्रश्नांची विल्हेवाट. आप्पांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते चिडले, “खोटं बोलतात!” पण खोटं कुणी बोललेलं नसतं, हीच तर गंमत. प्रश्नात लिहिलंय ‘भरपाई मिळाली नाही’. तीन तालुक्यांत मिळून शंभर-दोनशे जणांना जरी मिळाली असेल, तरी कक्ष अधिकारी निर्धास्तपणे लिहून मोकळा होतो : हे खरे नाही. पहिला खुंटा उपटला की त्याला बांधलेली पुढची चारही गुरं मोकळी. कधी ‘अंशतः खरे आहे’ असं येतं. मंत्रालयात या तीन शब्दांएवढा मऊ तक्क्या दुसरा नसेल.

जुना, मुरलेला आमदार हाच प्रश्न वेगळा लिहितो. तो ‘खरे आहे काय’वर फार अवलंबून राहत नाही. तो विचारतो की अमुक महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रोजचं किमान तापमान किती नोंदलं गेलं. या काळात केंद्र किती तास बंद होतं. बंद काळातल्या नोंदी कुठून घेतल्या. याला होय किंवा नाही असं उत्तर देताच येत नाही. आकडे द्यावे लागतात. आणि आकडा एकदा छापून आला की तो तुमचा. तो घेऊन तहसीलला जा, जिल्हा कृषी अधीक्षकांकडे जा, ग्राहक आयोगात जा.

हे हवामान केंद्राचं प्रकरण थोडं सोडवून सांगतो, कारण आपल्या भागातल्या निम्म्या भांडणाचं मूळ तिथं आहे. केळीचा विमा हवामानावर आधारलेला आहे. म्हणजे तुमच्या बागेत काय झालं हे मुख्यतः कुणी बघायला येत नाही. जवळच्या ठरवून दिलेल्या हवामान केंद्रात पारा ठरलेल्या अंशाच्या खाली सलग ठरलेले दिवस राहिला की भरपाई लागू. राहिला नाही की नाही. तुमच्या शेतातला घड काळा पडला, पाने पिवळी पडून निसवण अडली, तरी केंद्रातला पारा काय म्हणतो ते महत्त्वाचं. केंद्र गावठाणात भिंतीच्या उबेला असेल आणि तुमची बाग नाल्याकाठी सखल जागी असेल, तर दोन्हीकडची थंडी सारखी नसते. हे कुणाही शेतकऱ्याला माहीत असतं. दिल्ली-मुंबईत बसलेल्या माणसाला ते सांगावं लागतं, तेही योग्य शब्दांत. आणि सीएमव्हीसारखा विषाणू येऊन उपटून फेकलेली रोपं? ती हवामानाच्या अटीत बसत नाहीत. सभागृहात या दोन गोष्टी एकाच भाषणात कालवल्या की मंत्री सोप्या गोष्टीचं उत्तर देतो आणि अवघड गोष्ट तशीच राहते.

यात आणखी एक मेख आहे : विचारायचं कुठं? फळपीक विम्याची चौकट केंद्र सरकारची. कोणत्या पिकाला कोणती अट, हे राज्य ठरवून शासन निर्णय काढतं. पैसे द्यायचे विमा कंपनीनं. खासदारानं लोकसभेत तापमानाच्या अटीबद्दल विचारलं तर उत्तर येतं, अटी राज्य सरकार ठरवतं. आमदारानं मुंबईत केंद्राच्या हप्त्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं, केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषय वाटलेले आहेत. शेती आणि पाणी मुख्यतः राज्याकडे, रेल्वे केंद्राकडे. पाडळसरे धरणाचं काम का रखडलं, हे आधी आमदाराला विचारा. गाडी चोपड्याला का येत नाही, हे खासदाराला. आपल्याकडे लग्नात भेटेल त्याच्या हातात निवेदन देतात, मग ते निवेदन लग्नाच्या आहेरासारखं या घरून त्या घरी फिरतं.

बाकीची हत्यारं पटकन सांगतो. विधानसभेत लक्षवेधी सूचना असते. तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर मंत्र्याला निवेदन करावं लागतं, मग त्यावर प्रश्न. ग्रामीण आमदाराचं सगळ्यात आवडतं हत्यार हेच, कारण यात मंत्र्याला तिथंच काहीतरी कबूल करायला लावता येतं. औचित्याचा मुद्दा म्हणजे उभं राहून विषय नोंदवणं, उत्तराची सक्ती नाही. नियम २९३ खालची चर्चा लांबलचक असते. कापूस, अतिवृष्टी, कर्जमाफी असे विषय तिथं येतात, सगळे बोलतात, शेवटी मंत्री सगळ्यांना मिळून एक उत्तर देतो. लोकसभेत शून्य प्रहर असतो. ‘शून्य’ नाव असलं तरी गावाकडच्या खासदाराला तो सोन्याच्या मोलाचा. मिनिट-दोन मिनिटांत रेल्वेचा थांबा, पूल, टॉवर, काय असेल ते मांडायचं. नियम ३७७ खाली लिहून आणलेला छोटा मजकूर मांडता येतो, त्यावर मंत्रालयाकडून नंतर लेखी उत्तर येतं. ग्रुपवरचे बहुतेक व्हिडिओ औचित्याच्या मुद्द्याचे किंवा शून्य प्रहराचे असतात. दिसायला झणझणीत, पण त्या क्षणी मंत्र्यावर बंधन जवळजवळ नाही.

म्हणून ते वाया जातं का? तसंही नाही. मनमाड-इंदूर रेल्वेचं उदाहरण धुळेकरांना सांगायला नको. कित्येक वर्षं, कित्येक खासदारांनी, वेगवेगळ्या पक्षांच्या, हा विषय मांडला. गावाकडे त्यावर विनोद होऊन गेले. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये. कुणा एकाच्या कोणत्या भाषणानं हे झालं असं म्हणणं भाबडेपणा आहे. पण विषय कागदावर जिवंत राहिला, प्रत्येक अधिवेशनात फाइलीवरची धूळ कुणीतरी झटकत राहिलं, याचा काही वाटा असणारच.

भाषेचा एक मुद्दा जाता जाता. लोकसभेत मराठीत बोलता येतं, दुभाषाची सोय असते. आमच्या घरात बोलतात त्या अहिराणीत मात्र नाही, कारण ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. जनगणनेत ‘खानदेशी’ म्हणून ती वेगळी मोजतात, बिगर-अनुसूचित भाषांच्या यादीत. सातपुड्यातली भिलीही त्याच यादीत. म्हणजे अक्राणीच्या माणसाचं गाऱ्हाणं दिल्लीला पोचेपर्यंत दोनदा भाषांतरित झालेलं असतं. त्यात काही गळत असेल तर नवल नाही.

आता खरी गोष्ट. माझ्या मते गावाकडच्या लोकप्रतिनिधीची किंमत सभागृहापेक्षा समितीत जास्त कळते, आणि ते आपल्याला कुणी सांगतच नाही.

संसदेत खात्यांशी जोडलेल्या २४ स्थायी समित्या आहेत. १९९३ साली १७ होत्या, २००४मध्ये वाढवल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य : २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे. मंत्री या समित्यांवर नसतो. सरकार दरवर्षी अर्थसंकल्प मांडतं, मग अधिवेशनाला मध्ये सुट्टी पडते. त्या सुट्टीत या समित्या प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या तपासतात. सभागृहात पुढे सगळ्या खात्यांवर चर्चा होत नाहीच. उरलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकदम मतदानाला टाकून मंजूर होतात. त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात, मान कापायचं यंत्र. नाव अगदी चपखल ठेवलंय. तेव्हा एखाद्या खात्याचे पैसे कुठं गेले हे कुणी खोदून विचारलं असेल, तर बहुधा समितीनंच.

समितीची खोली सभागृहासारखी नसते. कॅमेरे नाहीत, पत्रकार नाहीत, बैठक बंद दाराआड. समोर खात्याचे सचिव साक्ष द्यायला बसलेले. ‘साक्ष’ हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा, तिथं अधिकारी साक्षीदार असतो. सचिव छान तक्ते दाखवतात : इतकी हवामान केंद्रं, इतके विमाधारक. अशा वेळी शहरातला हुशार वकील-खासदार धोरणाबद्दल विचारतो. आणि ज्यानं स्वतः केळीची मृगबाग-कांदेबाग लावलेली आहे, तो विचारतो, “साहेब, ते केंद्र बसवलंय कुठं? झाडाखाली का? त्याची बॅटरी कोण बदलतं?” या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात नसतं. सचिव मागे बसलेल्या अधिकाऱ्याकडे बघतो, तो त्याच्या मागच्याकडे. मग ‘लेखी उत्तर पाठवतो’. अशी लेखी उत्तरं समितीच्या अहवालात छापली जातात. खोलीत पक्षही थोडे सैल होतात. बघणारं कुणी नसलं की सत्ताधारी सदस्यसुद्धा आपल्याच सरकारच्या सचिवाला धारेवर धरतो, असं त्या खोलीतून आलेले लोक सांगतात, आणि अहवाल वाचले की ते पटतं.

पण यातून ग्रुपवर टाकायला काही निघत नाही. बैठकीत कोण काय बोललं ते बाहेर येत नाही. अहवालाला जोडलेल्या कार्यवृत्तात हजर सदस्यांची नावं मात्र दिसतात. मी आता खासदाराचं काम बघायचं म्हटलं की आधी तिथं जातो. वर्षभर समितीचा सदस्य होता आणि दहा बैठकांच्या यादीत नाव दोनदा, तर मग सभागृहात कितीही कडाडू दे.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही, हे खरं. पण सरकारला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं आणि त्यावर समिती दुसरा अहवाल काढते. त्या अहवालात प्रकरणं ठरलेली असतात : सरकारनं काय मान्य केलं, काय समितीनं सोडून दिलं, कोणती उत्तरं समितीला पटली नाहीत, कोणती अर्धवट आहेत. मी त्यातलं न पटलेल्या उत्तरांचं प्रकरण आधी उघडतो. खरं भांडण तिथं असतं, अत्यंत सभ्य भाषेत.

राज्यातल्या समित्यांचा थाट वेगळा. लोकलेखा, अंदाज, अनुसूचित जमाती कल्याण, रोजगार हमी, या सगळ्या आहेतच. पण जिल्ह्यात धडकी भरते ती पंचायती राज समितीच्या दौऱ्यानं. ‘पीआरसी येतेय’ असा निरोप आला की जिल्हा परिषदेत रात्री दिवे जळतात. वर्षानुवर्षं न सापडलेल्या फायली सापडतात, शाळांना रंग लागतो, आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडतो. त्या एका आठवड्यात गावं जेवढी नीटनेटकी असतात तेवढी कायम असती तर समितीची गरजच नव्हती. तरीही या दौऱ्यात एखादा आमदार रस्ता सोडून पाड्यावरच्या अंगणवाडीत शिरला, पोषण आहाराचं रजिस्टर आणि समोर बसलेली पोरं मोजली, तर त्यातून जे बाहेर येतं ते विधानसभेतल्या तासाभराच्या भाषणात येत नाही.

आता एक गैरसमज काढून टाकू. ‘आपल्या खासदारांनी एकही प्रश्न विचारला नाही’ अशी यादी दरवर्षी फिरते. आधी बघा, ती व्यक्ती मंत्री आहे का. मंत्री प्रश्न विचारत नाही, त्याला विचारतात. आमचा चोपडा रावेर लोकसभेत येतो. रक्षा खडसे २०२४पासून केंद्रात राज्यमंत्री आहेत, तेव्हा त्या काळात त्यांच्या नावापुढे प्रश्न शोधणं फुकट. (त्या निवडणुकीत खानदेशातल्या चार जागांपैकी तिघी महिला निवडून आल्या : जळगावहून स्मिता वाघ, धुळ्याहून शोभा बच्छाव आणि रावेरहून खडसे. हे आपल्याकडे म्हणावं तेवढं कुणी बोललं नाही.) अध्यक्षांचंही तसंच. आमच्या चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्याआधी १९९० ते १९९५ खिरोद्याचे मधुकरराव चौधरी. नंदुरबारचे माणिकराव गावित नऊ वेळा लोकसभेत गेले आणि २००९मध्ये हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांनीच नव्या खासदारांना शपथ दिली. त्या खुर्चीत बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही, कुणी किती वेळ बोलायचं ते ठरवतो.

आणि शेवटचं, आप्पांच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं : आश्वासन. मंत्री उत्तरात काहीतरी कबूल करतो, ते हवेत विरू नये म्हणून लोकसभेत आणि विधानसभेतही आश्वासन समिती असते. लोकसभेत कोणती वाक्यं आश्वासन धरायची याची यादीच आहे. ‘मी यात लक्ष घालीन’, ‘विषय विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करत आहोत’ अशी. माझं लाडकं वाक्य म्हणजे, ‘हा मुख्यतः राज्य सरकारचा विषय आहे, पण मी लक्ष घालीन’. हे बोलून मंत्री सुटला असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याच वाक्यानं तो अडकतो. तीन महिन्यांत ते पुरं करायचं किंवा मुदत वाढवून मागायची. मुदतवाढी मागून मागून आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, हेही खरं. पण नोंद राहते आणि चिवट सदस्य ती नोंद पुढच्या अधिवेशनात पुन्हा काढतो.

हे सगळं आप्पांना सांगून झालं. ते बराच वेळ गप्प होते. मग आत गेले आणि एक जुनी दोनशे पानी वही घेऊन आले. हिवाळ्यात रोज पहाटे बागेतल्या भिंतीवरच्या तापमापकावर किती पारा होता, ते त्यात लिहिलेलं. तारखेसह. पाणी किती तास दिलं, कोणत्या रात्री धूर केला, सगळं. मी त्यातल्या दोन आठवड्यांच्या नोंदी टाइप केल्या, मंडळाचं नाव घातलं आणि वरती प्रश्न तयार करून दिला : या तारखांना आपल्या केंद्राची नोंद काय?

कागद घेऊन आप्पा आमदारांच्या कार्यालयात गेले. स्वीय सहायकानं वाचला, म्हणाला, “आप्पा, प्रश्न एकदम झकास काढलाय.” मग कॅलेंडरकडे बघितलं. “पण या अधिवेशनाची सूचना द्यायची मुदत गेली. नागपूरला घेऊ.”

आप्पांनी कागदाची घडी वहीत ठेवली आणि नागपूरच्या अधिवेशनाची सूचना कधीपर्यंत द्यायची, ती तारीख लिहून घेऊनच तिथून उठले.